कड्याआडच्या संध्याकाळी

तिन्हीसांजेला समुद्राकडून कोणी हाक मारली, तर तुम्ही लगेच ओ देता का?

आमच्या बेटावर देत नाहीत. मूल चालायला लागलं की त्याला हे आधी शिकवतात. अंधार पडताना पाण्यावरून हाक आली तर गप्प राहून ऐकायचं. हाक मारणाऱ्याने आपलं नाव सांगायला हवं, बापाचं नाव सांगायला हवं, आणि तेही तीनदा. मग किनाऱ्यावरच्या माणसाने म्हणायचं, “दिवा लावलाय, दार उघडं आहे, ये.” जो नुसतंच ‘कोणी आहे का’ म्हणतो, त्याला उत्तर द्यायचं नाही. माझी सासू सांगायची, पाण्यावर जे हाका मारत फिरतं त्याला बाप नाही. त्यामुळे ते बाकी सगळं बोलेल, पण नाव कुठून सांगेल?

पुढे होड्यांवर रेडिओ आले. गावाचं रेडिओचं ठाणं आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बसवलं, आणि समुद्राकडे तोंड करून पत्र्याचा एक मोठा कर्णा छपराला टांगला, म्हणजे होडीवरून कोणी बोललं की किनाऱ्यावरच्या बायकांनाही ऐकू यावं. हाका रेडिओतून येऊ लागल्या, तसा नियमही रेडिओला लागू झाला. कोणी ठरवलं नाही, तो आपोआप झाला.

एके दिवशी मी धक्क्यावर गेले होते ती साखर आणि रॉकेल आणायला. बाउबाउ शहराहून येणारी होडी लागली होती. सामान उतरवता उतरवता होडीवाला मला म्हणाला, “इना, ही पाहुणी पण तुमचीच. सांभाळून न्या. वाटेत सगळ्या माशांना जेवायला घालून आलीये.”

आमच्याकडे वयाने मोठ्या बाईला इना म्हणतात आणि पुरुषाला अमा. पाहुणी म्हणजे चष्मा लावलेली एक बारीक मुलगी. तोंड पांढरंफटक पडलं होतं, तरी दोन जड पेट्या तिने कुणाला उचलू दिल्या नाहीत. वेनिंग तिचं नाव. बांडुंगच्या कॉलेजात शिकलेली. बंदराच्या कचेरीने तिला पाठवलं होतं. आमच्या बेटाच्या पूर्वेला पाण्यातून सरळ वर आलेला काळा कडा आहे. त्याच्या मागे गेलेल्या होड्यांचा आवाज ठाण्यापर्यंत पोचतो की नाही, हे तिला ठरवायचं होतं.

 ती कशासाठी आली ते धक्क्यावरच्या सगळ्यांना कळलं. सगळ्यांची नजर माझ्यावरून वा निपाच्या घराकडे गेली आणि परत आली.

वा निपा आमच्यापासून दोन घरं सोडून राहते. आमच्यात बाईच्या नावाआधी वा लागतं, पुरुषाच्या नावाआधी ला. आदल्या वर्षी पूर्वेचे वारे सुरू असताना तिचा नवरा ला रुसिदि कड्याआड मासे धरायला गेला आणि आला नाही. त्याच संध्याकाळी आमच्या कर्ण्यातून आवाज आला होता. “...कोणी आहे का... ऐकतंय का कोणी...” आवाज मधेच बुडायचा, मधेच वर यायचा. नाव नव्हतं. ठाण्यावर तेव्हा माझा नवरा ला हामू बसायचा. त्याने बोलायचं बटण दाबलं नाही. मोबाइल काढला आणि इमामसाहेबांना ऐकवायला म्हणून तेवढा आवाज धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी कड्याच्या पायथ्याशी होडीची एक फळी सापडली, बस.

वा निपा माझ्याशी भांडायला आली नाही. आली असती तर बरं झालं असतं. आमच्या घरावरून जाताना ती तोंड दुसऱ्या बाजूला फिरवायची. ला हामूने रेडिओ माझ्या हवाली केला. म्हणाला, “जालिया, माझ्याच्याने आता ते बटण दाबवत नाही.” जेवणावरून त्याचं मन उडालं. त्याच्या छातीत आधीपासून खोकला होता, तो वाढला. त्याला एकच जाणून घ्यायचं होतं. त्या संध्याकाळी हाक मारणारा माणूस होता, की माणूस नव्हता?

माणूस असेल, तर त्याने शेजाऱ्याला मरू दिलं होतं.

वेनिंग आमच्याच घरी उतरली. मला ती इबू म्हणायची, ला हामूला पाक म्हणायची, बाहेरची माणसं म्हणतात तसं. सकाळी ती होडीत एक रेडिओ ठेवून होडी कड्याआड फिरायला पाठवायची. त्या रेडिओतून एकसारखी शिट्टी वाजत राहायची, आणि इकडे ती आपल्या यंत्रात ती शिट्टी टिपत बसायची. आम्हाला शिट्टी कमीजास्त ऐकू यायची, एवढंच. पण ला हामू तिच्याजवळून हलायचा नाही. शेवटी एका दुपारी त्याने तिला मोबाइलमधला तो आवाज ऐकवला.

तिने तो कितीतरी वेळा ऐकला. मग हळूच विचारलं, “पाक, नाव सांगितलं असेल पण आपल्यापर्यंत पोचलं नसेल, असं तुम्हाला वाटतं का?”

“तेच तर तुला विचारतोय.”

मी कासुआमी उकडत होते. कसाव्याच्या त्या वाफाळत्या उंडीतला एक तुकडा तोडून तिने ताटलीत ठेवला, शेजारी मिरच्या ठेवल्या, वाटी उपडी घातली.

“ही वाटी म्हणजे कडा. हा तुकडा म्हणजे होडी, या मिरच्या म्हणजे खडक. होडी आणि आपल्यामध्ये कडा आहे, म्हणून सरळ वाट बंद. मग आवाज काय करतो? या मिरचीवर आपटतो, त्या मिरचीवर आपटतो, लाटांवरून घसरतो, आणि दहा वाटांनी येऊन एकदम दारात उभा राहतो. कधी ते सगळे एकमेकांना हात देतात, तेव्हा मोठा ऐकू येतो. कधी एकमेकांना ढकलतात, आणि सगळेच पडतात. त्याला आम्ही विरणं म्हणतो. माणूस तिकडे बोलतच असतो, पण इकडे काही नसतं.”

“आणि कडा नसेल तर?” मी विचारलं.

“समोरासमोर असेल तर आवाज विरत नाही, इबू. जितका जवळ, जितका समोर, तितका स्थिर.”

ला हामू ताटलीकडे बघत होता. “मग त्या दिवशीचं कसं कळणार? तो दिवस तर गेला.”

“मी परत तयार करू शकते,” वेनिंग म्हणाली. “संगणकात. कडा तोच, वारा तोच. फक्त लाटा कशा उभ्या होत्या ते आपल्याला ठाऊक नाही, म्हणून फासे टाकल्यासारख्या त्या दर वेळी वेगळ्या टाकायच्या. एकदा चालवलं की एक संध्याकाळ होते. पुन्हा चालवलं की दुसरी. शंभर संध्याकाळी करू. स्वच्छ आवाजात नाव घेऊन मारलेली हाक त्यातून सोडू. किती संध्याकाळी नाव बुडतं ते मोजू.”

“तीनही वेळा बुडलं पाहिजे,” ला हामू म्हणाला. “त्याने तीनदा सांगितलं असणार. आमच्यातला कोणीही तीनदाच सांगेल.”

हाक कोणीतरी म्हणून द्यायला हवी होती. ला हामूच पुढे झाला. तिने तोंडासमोर धरलेल्या छोट्या डबीत तो बोलला, “मी ला रुसिदि...” इथे त्याला खोकला आला, कोरडा, दोनदा. “...ला बाकाचा मुलगा. कोणी आहे का?” वेनिंग म्हणाली, खोकला असू दे, चालेल. तेच तीनदा लावून घेऊ.

आमच्या गावात वीज फक्त संध्याकाळी येते, मशिदीमागचं जनित्र सुरू झालं की. तिच्या मोठ्या यंत्राला तेवढी वीज लागायची. म्हणून हे सगळं तिन्हीसांजेलाच करावं लागलं.

मला ते आवडलं नव्हतं. वेनिंगने कानाला लावायचे भोंगे पुढे केले, तर ला हामूने ते बाजूला सारले.

“त्या दिवशी ते कर्ण्यातून आलं. मी कर्ण्यातूनच ऐकणार.”

“अमा, तिन्हीसांज आहे,” मी म्हणाले. “समुद्राकडे तोंड करून मेलेल्याचं नाव घ्यायचं?”

“तेव्हा जिवंत होता की नाही तेच तर बघतोय,” तो म्हणाला.

वेनिंगने तार कर्ण्याला जोडली.

पहिली संध्याकाळ सुरू झाली. माझ्या नवऱ्याचा आवाज कर्ण्यातून बाहेर पडला, पण तो आता त्याचा राहिला नव्हता. खोल विहिरीतून यावा तसा यायचा, फुगायचा, आणि मधेच ओढून घेतल्यासारखा जायचा. ‘मी ला...’ मग नुसती खरखर. ‘...मुलगा. कोणी आहे का?’  अगदी तसाच. त्या दिवशीसारखाच. दुसऱ्या खेपेला मात्र नाव आलं. ला रुसिदि. स्वच्छ.

वेनिंगने पडद्यावर बघून मान हलवली आणि दुसरी संध्याकाळ लावली. मग तिसरी. बाहेर खरी संध्याकाळ काळवंडत होती आणि आत एकामागून एक खोट्या संध्याकाळी येत होत्या. ओहोटीचा वास खोलीत शिरला होता, चिखलाचा, कुजलेल्या शेवाळाचा. दर संध्याकाळी तो एकच माणूस कड्याआडून हाका मारत होता, खोकत होता, बापाचं नाव सांगत होता, आणि बुडत होता.

किती वेळाने कोण जाणे, मला शिडीवर कोणी उभं असल्याचं जाणवलं. आमची घरं खांबांवर असतात, वर यायला शिडी असते. शिडीच्या वरच्या पायरीवर वा निपा उभी होती. डोक्यावरची ओढणी खांद्यावर पडली होती. वेनिंगने यंत्र थांबवलं.

“का थांबवलंत?” ती म्हणाली. “चालू द्या. गावाला माझ्या नवऱ्याच्या नावाचा चांगला तमाशा दाखवलात.”

ला हामू उठून उभा राहिला. 

“निपा, आत ये,” मी म्हणाले.

“मी तुझ्या घरात पाणी प्यायला आले नाही. हे काय चाललंय ते या चष्मेवालीने मला सांगावं.”

वेनिंगने सांगितलं. जेवढं आम्हाला सांगितलं होतं तेवढंच, त्याच शब्दांत. वा निपाने सगळं ऐकलं आणि ती उंबरठ्यावर बसली. “मग पुरे कर,” ती म्हणाली. “शंभर म्हणालीस ना? पुऱ्या कर.”

आम्ही चौघं बसलो. बाहेर किनाऱ्यावर एरवी कुत्री भांडत असतात, त्या दिवशी त्यांचा आवाज नव्हता. शेवटची हाक विरली आणि वेनिंगने चष्मा काढून डोळे पुसले.

“एकही संध्याकाळ अशी नाही,” ती म्हणाली, “की जिच्यात नाव तीनही वेळा बुडलंय. एकदा बुडतं. दोनदा बुडतं. पण एकदा तरी वर येतंच.”

“म्हणजे?” ला हामूने विचारलं.

“म्हणजे त्याने नाव सांगितलं असतं, तर तुम्हाला ऐकू आलं असतं, पाक. त्या आवाजात नाव नव्हतंच.”

ला हामू खाली बसला. चेहरा ओंजळीत धरून रडला. इतक्या वर्षांत मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. मीही रडले. खोटं कशाला सांगू, मला हलकं वाटलं. तो सुटला होता. ज्याला उत्तर द्यायचं नव्हतं, त्यालाच त्याने उत्तर दिलं नव्हतं.

वा निपा रडली नाही.

“वर्षभर मी तुमचा राग केला,” ती म्हणाली. “पण निदान एवढं होतं माझ्याजवळ, की जाताना त्याने हाक मारली. तो आवाज त्याचा होता. आज तुम्ही तेही घेतलंत.” ती उठली, ओढणी डोक्यावर घेतली. “बरं झालं. आता झोप येईल तुम्हाला, अमा.”

शिडी उतरताना तिची पावलं वाजली नाहीत.

थोड्या वेळाने ला हामूने जेवायला मागितलं. मी माशाचा रस्सा गरम केला. वेनिंग तारा गुंडाळत होती, कर्ण्याची तार तिने परत रेडिओला जोडून दिली. आकाशात तांबूस रेघ तेवढी उरली होती. ला हामूने पहिला घास उचलला आणि कर्णा खरखरला.

“मी ला...”

मला वाटलं यंत्र चालू राहिलंय. मी वेनिंगकडे पाहिलं. यंत्राचा पडदा काळा होता, त्याची तार तिच्या हातात होती.

“...ला बाकाचा मुलगा. कोणी आहे का?”

आवाज बुडाला. मग पुन्हा फुगत वर आला. या वेळी नाव पुरतं ऐकू आलं. “मी ला रुसिदि...” आणि मग दोनदा खोकल्याचा आवाज. कोरडा. “...ला बाकाचा मुलगा. कोणी आहे का?”

ला रुसिदिला कधी खोकला नव्हता.

“पाक,” वेनिंग कुजबुजली, “हे तुम्ही म्हटलेलं आहे... तुमचा खोकला...”

पण आवाज ला हामूचा नव्हता. तो कोणाचाच नव्हता. नवीन शिकलेला धडा मूल म्हणून दाखवतं, तसं त्यात सगळं जागच्या जागी होतं, खोकलासुद्धा.

तेव्हा मला कळलं आम्ही काय करून बसलो होतो. ज्याला बाप नव्हता, त्याला आम्ही शंभर संध्याकाळी बसून बापाचं नाव पाठ करून दिलं होतं. कर्णा समुद्राकडे लावून.

तिसरी हाक आली. नाव, बापाचं नाव. नियम पुरा झाला होता.

ला हामू ताटावरून उठला. मी त्याचा हात धरला. “अमा, नका. तो नाहीये. आत्ताच मुलीने सांगितलं ना, तो नाहीये...”

“तिने सांगितलं, नाव घेतलं नव्हतं,” तो म्हणाला. त्याचे डोळे माझ्याकडे बघत नव्हते. “आता घेतलंय. तीनदा घेतलंय, जालिया. आज मी गप्प बसलो, तर मग मी कोण?”

त्याने हात सोडवून घेतला. वर्षभर ज्याला त्याने बोट लावलं नव्हतं ते बटण दाबलं.

“ला रुसिदि,” तो म्हणाला. “कुठे आहेस?”

“...कड्या...” खरखर. “...मागे...”

“होडी आहे?”

“...नाही...” मग बराच वेळ काही नाही. मग, “...येतोय...”

मी वेनिंगकडे पाहिलं. ती आवाज ऐकत नव्हती, रेडिओवरच्या छोट्या हिरव्या दिव्यांकडे बघत होती. आवाज जितका जवळचा, तितके ते दिवे जास्त पेटतात. होडी धक्क्याला बांधलेली असली तरच सगळे पेटतात.

“तुझी बायको वाट बघतेय रे,” ला हामू म्हणत होता. रडत होता आणि हसत होता. “बोलत राहा. बोलत राहा, म्हणजे आम्हाला ऐकू येईल.”

“मी बोलतोय,” कर्ण्यातून आवाज आला. “मी ला रुसिदि. ला बाकाचा मुलगा. मी बोलतोय.”

शब्द आता तुटत नव्हते. खरखर मागे गेली होती. आवाज फुगणं थांबलं, बुडणं थांबलं. ला हामूला त्याचा आनंद झाला. तो मला म्हणाला, “ऐक, किती साफ येतंय.”

वेनिंगने माझा दंड घट्ट धरला होता. तिचे ओठ हलत होते, पण मला ते ऐकण्याची गरज नव्हती. ताटलीतली वाटी मला आठवत होती. कडा मधे असला की आवाज विरतो. समोर असला की विरत नाही.

हिरवे दिवे सगळे पेटले होते.

“दार उघडं आहे का?” आवाजाने विचारलं. अगदी सहज. खोलीत बसलेल्या माणसाने विचारावं तसं. त्यात समुद्राचा कणही नव्हता.

“अमा...” मी म्हणाले.

ला हामूने तेच उत्तर दिलं जे आमचे बापजादे देत आले. त्याला दुसरं उत्तर येतच नव्हतं. “दिवा लावलाय,” तो म्हणाला. “दार उघडं आहे. ये.”

दिवे विझले. कर्णा गप्प झाला.

मी उठून दार लावलं, अडसर घातला, त्याला पाठ टेकून बसले. वेनिंग माझ्या शेजारी येऊन बसली. लहान मुलीसारखं तिने डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं. ला हामू रेडिओसमोर तसाच बसून राहिला. आम्ही ऐकत होतो. खाली पाण्यातून कोणी चालत येतंय का, शिडी वाजतेय का. जनित्र बंद झालं, तसा अंधारही आमच्यात येऊन बसला. वाळूवरून काहीतरी गेलं असावं, जड, ओलं, सावकाश. आमच्या शिडीपाशी ते थांबलं नाही. पुढे गेलं. मला वाटलं, सुटलो.

आमच्या घराचं दार उघडं आहे, असं ला हामू म्हणाला नव्हता. तो नुसतं म्हणाला होता, दार उघडं आहे. आणि ते आपलं नाव ला रुसिदि सांगत होतं.

सकाळी अजानच्या वेळी मी अडसर काढला. आम्ही तिघंही वा निपाच्या घराकडे गेलो. तिच्या दाराला अडसर नव्हता, दार सताड उघडं होतं. शिडीच्या प्रत्येक पायरीवर पाणी साचलं होतं. आतून भाताचा वास येत होता, आणि त्याच्याखाली दुसरा एक वास, ओहोटीच्या चिखलाचा. ला हामूने हाक मारायला तोंड उघडलं.

वा निपा बाहेर आली. तिने केस विंचरले होते, लग्नातला सारोंग नेसली होती. वर्षभराने ती पहिल्यांदा आमच्याकडे बघून हसली. मग तिने ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “हळू बोला. त्याला आत्ताच झोप लागलीये.”